साडेसातची रिकामी घरं

खाडी रेडिओ केंद्राचं स्वरूप बदलणार की नाही, या प्रश्नाचं उत्तर पुण्याहून एका आकड्यात आलं. चौऱ्याण्णव टक्के शक्यता, असं पत्रात लिहिलं होतं. म्हणजे बदलणारच. पत्र केंद्राच्या फलकावर लागलं तेव्हा मैथिली शेट्ये नुकतीच ‘सकाळची खबरबात’ संपवून स्टुडिओबाहेर आली होती. तिने ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं. तिचं नाव त्यात कुठेच नव्हतं. साडेसात ते सव्वाआठ या वेळेत श्रोत्यांची घरं जवळजवळ रिकामी असतात, तेव्हा ही वेळ गाण्यांना द्यावी, एवढंच म्हटलं होतं. आणि ती वेळ गेली अकरा वर्षं तिची होती.

खबरबातीत गाणं एकही नसायचं. चिपळूण डेपोतून कुठली गाडी रद्द आहे, कुठल्या पेठेत आज पाणी येणार नाही, खाडीला भरती किती वाजता, कुणाची म्हैस हरवली, कुणाला कुठल्या गटाचं रक्त हवंय, आणि सगळ्यात शेवटी काल गावात कोण वारलं, त्यांची नावं. बाजारात तिने भाजीचा भाव विचारला, की भाजीवाली मान वर करून म्हणायची, रेडिओवाल्या ताई ना तुम्ही? अकरा वर्षं मैथिलीने हे खरं मानलं होतं. आता पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, की आवाज ओळखणं वेगळं आणि रोज ऐकणं वेगळं. लोक तोंडदेखलंही बोलतात.

घरं रिकामी आहेत हे पुण्याला कळलं कसं, हे तिने इर्शाद परकारला विचारलं. इर्शाद केंद्राचा तंत्रज्ञ. मोजकं बोलणारा, पण विचारलं तर नीट समजावून सांगणारा. जुनी एफएम प्रक्षेपणं बंद होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. नव्या अंकीय रेडिओसाठी केंद्र चालवणाऱ्या पुण्याच्या कंपनीने गावात सहा हजार संच घरोघर फुकट वाटले होते. करड्या रंगाचे, वीटभर आकाराचे. लोकांनी हौसेने घेतले होते.

इर्शाद म्हणाला, बंद खोलीत टाळी वाजवली, तर डोळे मिटूनही कळतं की खोली भरलेली आहे की मोकळी. आवाज भिंतींवर, कपाटांवर, माणसांवर आपटून परत येतो, त्यावरून. रेडिओच्या लहरींचं तसंच आहे. त्या संचापर्यंत सरळ येतात आणि खोलीत आपटून, वाकड्या वाटेनेही येतात, आणि ही सरमिसळ झाली की आवाज फाटतो. म्हणून नवा संच सेकंदाला पन्नास वेळा मोजतो, की या खोलीने लहरी किती बिघडवल्या, आणि तेवढा बिघाड काढून टाकतो. त्यामुळे तर आवाज इतका स्वच्छ येतो.

“पण तो जो बिघाड मोजलेला असतो ना, मैथिलीताई, तीच त्या खोलीची सावली असते,” इर्शाद म्हणाला. “माणूस हलला की सावली हलते. संचात एक सिमकार्ड आहे. ते सावली पुण्याला पाठवतं.”

लोकांना हे सांगितलंय का, असं तिने विचारलं. संचाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर, आतल्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय, असं तो म्हणाला.

निवेदकांना पडद्यावर वॉर्डनिहाय आकडे दिसायचे, घरनिहाय नाही. घरनिहाय फक्त इर्शादला दिसायचे. मैथिलीने त्याच्याकडे एकदाच, एकच घर पाहायला मागितलं. त्याने थोडे आढेवेढे घेतले आणि स्वतःचा परवलीचा शब्द टाकून तिच्या फोनवर तो पडदा उघडून दिला. बंद करायला मात्र तो विसरला. किंवा विसरला नसावा. तिला तेही नंतर नक्की ठरवता आलं नाही.

तिने वडिलांच्या संचाचा क्रमांक टाकला.

यशवंत रेडीज एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती आणि ते मार्कंडीत तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहत. मैथिलीचं सासर खेर्डीला. नवरा लोट्याच्या कारखान्यात पाळ्या करणारा. आमच्याकडे या, असं दोघांनी किती वेळा म्हटलं, तरी म्हातारा हलायला तयार नव्हता. रोज कार्यक्रम संपला की मैथिली त्यांना फोन करायची. ऐकलात का? ऐकला. बरा झाला? झाला. एवढंच बोलणं, पण ते एक दिवस चुकलं नव्हतं.

पडद्यावर त्या दिवशीची नोंद होती. सात दहाला एक व्यक्ती. सात बत्तीसपासून घर रिकामे. आठ सतराला पुन्हा एक व्यक्ती. रेडिओ मात्र सगळा वेळ चालू. तिने आदला दिवस पाहिला, त्याच्या आदला पाहिला. मागचा महिनाभर तेच. तिचा आवाज सुरू झाला की दोन मिनिटांत तिचे वडील घरातून बाहेर पडत होते आणि ती बोलायची थांबली की परत येत होते.

रागापेक्षा तिला आधी लाज वाटली. मग तिने स्वतःची समजूत काढायचा प्रयत्न केला, की दूध आणायला जात असतील, पाय मोकळे करायला जात असतील. पण मग “ऐकला” म्हणून का सांगतात? दुसऱ्या दिवशी फोनवर तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, की आज शेवटी कितीजणांची नावं होती. 

“परीक्षा घेतेयस का माझी?” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

उत्तर आलं असतं तर प्रश्न मिटला असता. न आल्याने तो वाढला. रविवारी ती जेवणाचा डबा घेऊन गेली, तेव्हा तिची नजर आपोआप फिरत राहिली. मोरीत दोन कप होते. चपलांच्या टाचांना लाल माती होती. इस्त्रीचा शर्ट खुंटीला होता, एरवी ते घरात बनियनवर असायचे. यातल्या एकेकाला काही अर्थ नव्हता, पण तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की त्यांच्यात काहीतरी दिसायला लागायचं. तळमजल्यावरच्या बाईंना तिने आडून विचारलं. सकाळी रेडीजकाका जिना उतरताना आपल्याला तरी कधी दिसले नाहीत, असं त्या म्हणाल्या. आणि त्या हे इतक्या चटकन म्हणाल्या की मैथिलीला त्यांचाच संशय आला. वडिलांनी त्यांना सांगून ठेवलं असेल. किंवा ते खालपर्यंत उतरतच नसतील, मधल्याच मजल्यावर कुणाकडे जात असतील. दुसऱ्या मजल्यावर कोण राहायला आलंय, हे तिने त्याच दिवशी पाटीवर वाचून घेतलं.

दिवसातून आठ-दहा वेळा ती फोन काढून तो पडदा बघू लागली. वडील दुपारी कधी आडवे होतात, संध्याकाळी किती वेळ बाहेर असतात, सगळं तिला पाठ झालं. एके दिवशी चहा पिताना इर्शाद तिच्याकडे न बघता म्हणाला, की एकच संच दिवसातून अकरा वेळा उघडला गेला, की त्याचीही नोंद पुण्याला होते.

तिने त्या दिवसापुरतं बघणं थांबवलं. मग ठरवलं, की पडद्यावर बघायचं ते डोळ्यांनीच बघावं.

तिने खबरबात पहाटेच ध्वनिमुद्रित करून ठेवली, साडेसातला लावायचं काम इर्शादवर सोपवलं आणि सव्वासातला स्कूटर मार्कंडीतल्या इमारतीसमोर उभी केली. समोरच्या गॅरेजच्या आडोशाला ती उभी राहिली. स्वतःच्या बापावर पाळत ठेवणारी बाई आपण झालो आहोत, हे तिच्या लक्षात आलं, पण ती तिथून हलली नाही. साडेसात झाले. तिसऱ्या मजल्यावरून तिचाच आवाज अस्पष्ट ऐकू यायला लागला. दाराशी कुणी आलं नाही. सात बत्तीसला तिने फोन पाहिला. घर रिकामे.

ती जिना चढून वर गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या दाराशी थांबून तिने कान दिला. आत कुकरची शिट्टी झाली आणि बायकांचं बोलणं आलं. ती आणखी वर गेली. वडिलांच्या घराची गॅलरीकडची खिडकी अर्धी उघडी होती.

यशवंत रेडीज खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट अंगात, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. समोर स्टुलावर करडा संच होता आणि त्यातून मैथिली शेट्ये गुहागरच्या गाडीची बदललेली वेळ सांगत होती. ते हलत नव्हते. अजिबात नाही. मैथिलीने हातातल्या फोनकडे पाहिलं. घर रिकामे. पुन्हा खिडकीतून पाहिलं. यंत्र बरोबर आहे आणि समोर बसलेलं ते जिवंत माणूस नाही, असं तिला वाटून गेलं. तिचा हात दाराच्या कडीवर गेला. तेवढ्यात शर्टाचं वरचं बटण किंचित वर झालं आणि खाली आलं. मग पुन्हा. सावकाश, एका लयीत.

ती चाळीस मिनिटं तिथेच उभी राहिली. ते डेपोत असताना विभागीय कार्यालयाचा फोन आला की असेच ऐकायचे, हे तिला आठवलं. एकदा सांगितलेली वेळ पुन्हा विचारायची नाही, अशी त्यांची शिस्त होती, आणि त्यासाठी ते श्वाससुद्धा मोजून घेत असावेत. रेडिओतली मैथिली शेवटी वारलेल्यांची नावं वाचू लागली. चार नावं होती. चौथ्या नावाला त्यांनी हात जोडले, डोळे उघडले, रेडिओ बारीक केला आणि चहाचं आधण ठेवायला उठले. फोनवर नोंद आली: एक व्यक्ती.

आत न जाता ती जिना उतरली आणि थेट केंद्रावर गेली. इर्शादने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने जे सांगितलं ते फार अवघड नव्हतं. घरात पंखा फिरतो, पडदा हलतो, फ्रिज थरथरतो, घड्याळाचा लंबक डुलतो. या सगळ्यांना यंत्राने माणूस समजू नये म्हणून त्याला शिकवलंय, की जी हालचाल ठरावीक लयीत होते ती निर्जीव समजून वगळायची. उरते ती वेडीवाकडी हालचाल, आणि तीच माणसाची. गाणी लागली की लोक कामं करत फिरतात, मान हलवतात, भांडी घासतात. यंत्राला घर भरलेलं दिसतं. पण कुणी जिवाचा कान करून ऐकायला बसलं की त्याचं फक्त श्वासाचं एका लयीतलं वरखाली उरतं. यंत्र ते पंख्यात जमा करतं.

“म्हणजे जे सगळ्यात नीट ऐकतात तेच त्यांना दिसत नाहीत,” ती म्हणाली.

इर्शादने मान डोलावली. राज्यात कंपनीची अशी सतरा केंद्रं होती. सोळा केंद्रांना स्वरूप बदलण्याचं पत्र गेलं होतं. सगळीकडे बोलणं जाऊन गाणी येणार होती.

हे दुरुस्त करायला किती वेळ लागेल, असं तिने विचारलं. अर्धा दिवस, तो म्हणाला. पंखा वेगाने फिरतो, माणूस मिनिटाला पंधरा-सोळा श्वास घेतो. दोन लयी वेगळ्या ओळखायला शिकवलं की झालं. “पण मग स्थिर माणूस दिसायला लागेल, ताई. झोपलेला दिसेल. आजारी दिसेल. दार लावून गप्प बसलेला दिसेल. कुठल्या खोलीत किती श्वास चालू आहेत, सगळं.” त्याने पडदा तिच्याकडे वळवला आणि उजवीकडचा एक रकाना दाखवला. त्यावर ‘वास्तव्य’ असं लिहिलेलं होतं. रेडिओच्या कुठल्याही कामाला तो लागत नव्हता. त्यातली माहिती रोज दुपारी दुसऱ्याच एका पत्त्यावर जात होती. कुणाच्या, ते इर्शादलाही माहीत नव्हतं.

मग तो म्हणाला, “माझी अम्मी दीड वर्ष अंथरुणाला खिळून आहे. तिच्या उशाशी संच आहे. तिथं दिवसभर घर रिकामे दाखवतं. मला ते बरं वाटतं.”

मैथिली त्याच्याकडे बघत राहिली. “म्हणजे तुला माहीत होतं. माझा कार्यक्रम बंद करायला निघालेत, तेव्हाही.”

“शंका होती,” इर्शाद म्हणाला.

त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली. तो वाईट माणूस नव्हता, हे तिला कळत होतं. पण त्याने आपल्याला घरनिहाय पडदा का उघडून दिला असेल? हे तिनेच शोधावं आणि तिनेच तोंड उघडावं, म्हणून? की शोधून गप्प बसावं, म्हणून? विचार करावा तितकं कोडं वाढत होतं.

पुढच्या गुरुवारी पुण्याहून रेवती सबनीस आल्या. सोळा केंद्रांची कार्यक्रमपत्रिका बदलायचं काम त्यांच्याकडे होतं. पन्नाशीच्या, हळू आवाजात बोलणाऱ्या, समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ देणाऱ्या. त्यांनी मैथिलीला एकटीला बोलावलं, अकरा वर्षांच्या कामाबद्दल मनापासून चांगलं बोलल्या, आणि दुपारच्या गाण्यांच्या कार्यक्रमात निवेदनाची दहा मिनिटं देऊ केली. मैथिलीने विचारलं, ‘वास्तव्य’ नावाचा रकाना कशासाठी आहे. ते काम दुसरा विभाग बघतो, असं सबनीस म्हणाल्या. त्यांनी ते इतक्या सरळपणे सांगितलं, की त्यांनाही खरंच माहीत नसावं किंवा त्यांनी हे उत्तर बरेचदा दिलेलं असावं.

मग त्यांनी समोरचा कागद सरळ केला.

“आकडे चुकीचे असू शकतात, असं वाटण्यासारखं काही तुमच्याकडे आहे का? असेल तर आत्ता सांगा. मी थांबवू शकते. सोळाही केंद्रांवरचा बदल थांबवू शकते.”

मैथिलीच्या ओठांवर वाक्य तयार होतं. ते बोललं की साडेसातची वेळ तिची राहणार होती. आणखी पंधरा गावांत कुणीतरी तिच्यासारखंच रोज सकाळी बोलत होतं, त्यांचीही राहणार होती. गाडी रद्द झाल्याचं लोकांना कळणार होतं, कोण गेलं ते कळणार होतं. हे काही थोडं नव्हतं. आणि अर्ध्या दिवसात, कुठल्या तरी दुपारी, मार्कंडीच्या तिसऱ्या मजल्यावर खुर्चीत बसलेला माणूस कुणाला तरी दिसू लागणार होता. कुणाला, ते त्याला कधीच कळणार नव्हतं. तिने स्वतः एकवीस दिवस त्याला असं पाहिलं होतं. ती तर मुलगी होती, आणि तरी तिने दोन कपांवरून आणि मातीवरून काय काय रचलं होतं.

सबनीस वाट बघत होत्या. तिचं उत्तर येत नाही असं पाहून त्या त्याच हळू आवाजात म्हणाल्या, “एक संच इथून बरेचदा उघडला गेलाय. तुमच्या वडिलांचा. सकाळी ते घरी नसतात का?”

“नसतात,” मैथिली म्हणाली. “फिरायला जातात.”

“रेडिओ चालू ठेवून?”

“विसरतात.”

सबनीसबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ते पाहणं लांबलं. मग त्यांनी कागदावर काहीतरी छोटंसं लिहिलं, मैथिलीला उलट्या बाजूने ते वाचता आलं नाही, आणि एक तारखेपासून नवी पत्रिका लागू होईल असं सांगून त्या उठल्या.

एकतीस तारखेला शेवटची खबरबात झाली. मैथिलीने निरोपाचं काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पाणी, गाड्या, भरती, आणि तीन नावं. फोन न करता ती स्कूटर काढून सरळ वडिलांकडे गेली. त्यांनी आधण ठेवलेलं होतं. तिने आधी संचाची वायर काढली, मग खुर्ची ओढून बसली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. सावली, पंखा, रकाना, गॅरेजचा आडोसा, खिडकी. दुसऱ्या मजल्यावरची पाटीसुद्धा तिने लपवली नाही.

त्यांनी चहा गाळला, दोन कप भरले आणि एक तिच्यासमोर ठेवला. 

“किती दिवस बघत होतीस?”

“एकवीस.”

“एकवीस दिवस तुला वाटलं, मी तुझ्याशी खोटं बोलतो.”

ती हो म्हणाली. दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं.

“विचारायचंस.”

“विचारलं होतं, बाबा.”

“ते विचारणं नव्हतं,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण ते तिच्याकडे न बघता संचाकडे बघत होते, आणि तिला वाटलं की हे आता कायमचं राहणार. कपातला चहा निवत गेला. मग त्यांनी विचारलं, की त्या पुण्याच्या बाईंना तिने नेमकं काय सांगितलं. तिने शब्द न बदलता सांगितलं.

“फिरायला जातो म्हणालीस.”

“हो.”

“मी नोकरीत पस्तीस वर्षं कुणाला खोटी वेळ सांगितली नाही,” यशवंत रेडीज म्हणाले आणि उठून आत गेले. मैथिलीने कप उचलून मोरीत ठेवले. आता निघावं, उद्या-परवा राग निवळला की पुन्हा यावं, असं तिने मनाशी ठरवलं. ती पर्स शोधत होती तेव्हा ते बाहेर आले. पायात चपला होत्या. त्यांनी खाली वाकून संचाची वायर पुन्हा लावली. रेडिओवर एक तारखेच्या गाण्यांची जाहिरात चालू होती.

“हे चालू असू दे,” ते म्हणाले. “उद्या साडेसातला ये. कुठपर्यंत जायचं ते बघू. बहादूरशेख नाक्यापर्यंत मला जमेल.”

दुसऱ्या दिवशी साडेसातला ती आली, तेव्हा ते खाली फाटकाशी उभे होते. वर तिसऱ्या मजल्यावर गाणं लागलेलं होतं. दोघं रस्त्याला लागली. गॅरेजच्या आडोशाचा तो एक दिवस सोडला, तर त्या वेळी ती गेली अकरा वर्षं कधी रस्त्यावर नव्हती. प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या खिडकीतून तेच गाणं येत होतं, आणि चालता चालता ती नकळत खिडक्या मोजत होती. यातल्या किती घरांत आत्ता कुणीतरी खुर्चीत बसून खबरबातीची वाट बघत असेल, हे तिला कळायला काही मार्ग नव्हता. पुण्याहून निघालेली कुठलीतरी दुरुस्ती आज येईल की उद्या, की दुसऱ्या एखाद्या केंद्रावरचं कुणीतरी तिने न बोललेलं वाक्य एव्हाना बोलूनही गेलं असेल, हेही कळायला मार्ग नव्हता.

नाक्याच्या अलीकडे एका टपरीवर दोघं चहा घ्यायला थांबली. वडील सांगायला लागले, की काल गेलेल्यांपैकी एकजण डेपोत त्यांच्या हाताखाली होता, आणि त्याच्या घरी जाऊन यायला हवं. बोलता बोलता त्यांची नजर टपरीच्या फळीवर गेली. बरण्यांच्या मागे करडा संच होता. ते वाक्याच्या मधेच थांबले. तिनेही तिकडे पाहिलं. मग त्यांनी अर्धा प्यालेला कप खाली ठेवला, तिच्या कोपराला धरलं, आणि दोघं पुढे जाऊन, पुलाच्या कठड्याशी, जिथे आजूबाजूला एकही घर नव्हतं तिथे उभी राहिली. तिथे त्यांनी तिला त्या माणसाचं उरलेलं सांगितलं.